जो आधी येईल तो ‘ई’

टेबलावर दोन काळ्या डब्या. एकाच कंपनीच्या, एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या, दोन्ही दोन टीबीच्या. केबलीही वीतभर लांबीच्या, अगदी सारख्या. मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी रात्री १२ वाजून ५१ मिनिटांनी मी पेणच्या घरी माउसवर दोनदा बोट दाबलं आणि पाच महिन्यांचं काम पुसून टाकलं. व्हायरस नव्हता, चोरी नव्हती, डिस्क पडली नव्हती. वीजही गेली नव्हती, हे पेणमध्ये मुद्दाम सांगावं लागतं.

मी फोटो आणि व्हिडिओ शूटिंगची कामं घेतो. लग्नं, बारशी, गणपतीच्या कारखान्यांचे कॅटलॉग. खाली ज्या वेळा दिल्या आहेत त्या फायलींवरच्या नोंदी, फोनमधला कॉल लॉग आणि एसटीचं तिकीट समोर ठेवून लावल्या आहेत. आठवणीवर विसंबायचं मी सोडून दिलं आहे.

अनर्थाला दोन वर्षं बाकी

२०२२ ची दिवाळी. पनवेलहून दोन हार्ड डिस्क आणल्या. एक पेणला माझ्याकडे राहणार, दुसरी रोह्याला दादाच्या कपाटात. दादा हसला, “तुझे लग्नाचे अल्बम म्हणजे काय रिझर्व्ह बँकेचं सोनं आहे?” पण २६ जुलै २००५ चा पाऊस आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी रायगडात काढलं, त्यांना एकाच गावात सगळं ठेवायची भीती का वाटते हे समजावून सांगावं लागत नाही. निसर्ग वादळात दादाच्या पडवीचे पत्रे शेजारच्या परसात जाऊन पडले होते. पेणला भोगावती चढली तर रोहा, रोह्याला कुंडलिका चढली तर पेण, असा माझा साधा हिशेब. तो हिशेब आजही मला चुकीचा वाटत नाही.

चुकलं ते पुढे. पहिल्या डिस्कवर तोवरचं काम उतरवून झालं होतं आणि दुसरी तिच्यासारखी करायची होती. कॉपी-पेस्ट लावलं की मध्येच एखाद्या लांबलचक नावाच्या फायलीवर अडायचं आणि सकाळी उठून बघावं तर रात्रभर एक प्रश्न विचारत पडद्यावर तसंच उभं. कुणीतरी म्हणालं, क्लोन कर. क्लोन करताना फायली एकेक उचलून ठेवल्या जात नाहीत. डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जे काही लिहिलेलं असेल ते जसंच्या तसं दुसरीवर उतरतं. सहा-एक तास लागले. सकाळी चहाच्या वेळी शंभर टक्के झालेले दिसले आणि मी खूश होऊन दुसरी डिस्क पिशवीत घातली.

दोन वर्षं काही बिघडलं नाही, कारण दोन्ही डिस्क मी एका वेळी कधीच जोडल्या नाहीत. नवं काम आधी लॅपटॉपमध्ये उतरायचं. पेणला असलो की लॅपटॉपवरून पेणच्या डिस्कवर, रोह्याला गेलो की तिथल्या डिस्कवर. दोन्ही ठिकाणी ती डिस्क लॅपटॉपला ‘ई’ म्हणूनच दिसायची. मला ते सोयीचं वाटलं. दोन वेगळ्या गावांतल्या दोन वेगळ्या डिस्कना हा एकच अक्षर का देतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

मग २०२४ च्या जुलैत लॅपटॉप भरला. मेपासूनचं सगळं काम पेणच्या डिस्कवर गेलेलं होतं म्हणून लॅपटॉपवरून ते काढून टाकलं. रोह्याची डिस्क मेमध्येच थांबली होती. म्हणजे मे ते ऑक्टोबरचं काम आता एकाच ठिकाणी होतं आणि ते दुसरीकडे न्यायचं तर दोन्ही डिस्क एकत्र जोडणं भाग होतं.

रविवार, १३ ऑक्टोबर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. ग्रामदैवताला पोलिसांची सलामी हा तिथला मान. बाहेरगावी गेलेला रोहेकर दिवाळीला आला नाही तरी चालतो, पालखीला आला नाही तर घरचे विचारतात. मी पेणला राहत असलो तरी जन्म तिथलाच. पालखीचं शूटिंग कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसे नव्हते. वडील गेल्यापासून दरवर्षी करतो एवढंच.

सलामीपासून सुरुवात केली. मग आळ्याआळ्यांतून, दारापुढच्या रांगोळ्या, ओवाळणाऱ्या बाया, खांदा द्यायला धावणारी पोरं. ६४ जीबीची दोन कार्डं भरत आली. सोबत पेणची डिस्कही नेली होती, कार्डं रिकामी करायला.

सोमवार, सकाळी ९:३० (१५ तास २१ मिनिटं बाकी)

दादाच्या ओटीवर दोन्ही डिस्क पहिल्यांदाच शेजारी आल्या. कार्डांवरचं सगळं पेणच्या डिस्कवर उतरवलं, दोन-तीन क्लिप चालवून पाहिल्या. मग विचार केला, आता रोह्याची डिस्क अद्ययावत करायचीच आहे तर पेणला नेऊ. घरच्या डेस्कटॉपवर काम लवकर होईल, पुढच्या रविवारी परत आणून ठेवू.

वहिनी डबा भरून देत होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, एक इकडे नि एक तिकडे ठेवायची ना तुम्ही? मग दोन्ही एकाच पिशवीत?”

“आठवडाभराचा तर प्रश्न आहे, वहिनी.”

संध्याकाळी पेणला एक घरगुती साखरपुडा होता. त्यासाठी कार्डं मोकळी हवीत, म्हणून ती तिथेच कॅमेऱ्यात फॉरमॅट केली. पालखीची आता एकच प्रत उरली.

सोमवार, दुपारी १:१० (११ तास ४१ मिनिटं बाकी)

रोहा ते पेण, एसटीने, नागोठण्यावरून. मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्यावर जास्त लिहीत नाही, वाचकांपैकी निम्मे त्याच रस्त्याने जातात. पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. मला वाटत होतं, धोका आहे तो खड्ड्यांचा.

सोमवार, संध्याकाळी ७:०० (५ तास ५१ मिनिटं बाकी)

साखरपुडा. त्याच कार्डांवर.

सोमवार, रात्री १०:४० (२ तास ११ मिनिटं बाकी)

घरी आलो, जेवलो. बायको म्हणाली, “उद्या करा की.” डोळे मिटत होते आणि मी डेस्कटॉप सुरू केला.

पहिली, म्हणजे पेणची, डिस्क जोडली. टुंग आवाज झाला, ‘ई’ उघडलं. दुसरी जोडली. टुंग आवाज झाला, आणि काही नाही. दिवा लुकलुकतोय, आत फिरल्याचा बारीक आवाज येतोय, पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये नाव नाही. काढली, घातली. पोर्ट बदललं. केबल बदलली. पहिलीची केबल दुसरीला, दुसरीची पहिलीला. संगणक बंद करून चालू केला. एसटीत आपटली असणार, मेली असणार, असं वाटून पोटात गोळा आला.

मग एक शहाणपणाची चाचणी केली. शहाणपणाचीच होती, आजही कुणी विचारलं तर हीच सांगेन. दोन्ही काढल्या आणि दुसरी आधी जोडली. ती लगेच दिसली. ‘ई’ म्हणूनच. मग पहिली जोडली, तर आता पहिली गायब. म्हणजे दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या. जी आधी येईल ती ‘ई’ होत होती आणि मागून येणारीला दार बंद.

हा शोध लागल्याच्या आनंदात मी टेबलावर बघायला विसरलो. चाचणीसाठी उलटवलेला क्रम परत सुलटा केलाच नाही. ‘ई’ म्हणून आता रोह्याची डिस्क बसली होती, आणि डोक्यात मात्र ‘ई’ म्हणजे पेणची हेच पक्कं होतं.

सोमवार, रात्री ११:३० (१ तास २१ मिनिटं बाकी)

डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे मात्र दोन्ही होत्या. एकीपुढे ‘ऑनलाइन’, दुसरीपुढे लाल खूण आणि ‘ऑफलाइन’. खुणेवर माउस नेला तर इंग्रजीत कारण आलं: चालू असलेल्या दुसऱ्या एका डिस्कशी हिची सिग्नेचर जुळते, म्हणून ही बंद ठेवली आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम याच शब्दात आहे.

संगणकाला डबीचा रंग दिसत नाही, तिच्यावरचा ओरखडा दिसत नाही. आपण फोल्डरला दिलेलं नावही ओळख पटवण्याच्या कामी तो घेत नाही. जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेल्या डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या ५१२ बाइटांत, ४४० व्या स्थानापासून चार बाइटांची एक संख्या लिहिलेली असते. तिला डिस्क सिग्नेचर म्हणतात. विंडोज आपल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, लिहून ठेवतं की अमुक सिग्नेचरच्या डिस्कवर अमुक ठिकाणी सुरू होणारा भाग म्हणजे ‘ई’. पुढच्या वेळी ती संख्या दिसली की तेच अक्षर. चार बाइटांत ४२९ कोटींहून जास्त वेगवेगळ्या संख्या मावतात. बाजारातून आणलेल्या दोन डिस्कची संख्या योगायोगाने जुळण्याची भीती जवळपास नाही.

पण मी योगायोगावर सोडलंच नव्हतं. क्लोन केला तेव्हा पहिला सेक्टरही उतरला, त्यातली संख्याही उतरली. आतल्या विभागाचा अनुक्रमांक उतरला, त्याचं नाव उतरलं. प्रत एवढी हुबेहूब झाली की मूळ कोण आणि नक्कल कोण हे सांगणारी एकही खूण संगणकाच्या हाती उरली नाही.

‘सिग्नेचर’ म्हणजे सही, आणि रोहेकराला सही म्हटलं की एक नाव आठवतंच. ज्यांचं बालपण रोह्यात गेलं ते चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटांवर त्यांची सही आली. नोटेवरची सही सगळ्या नोटांवर एकच असते, वेगळा असतो तो नंबर. डिस्कच्या बाबतीत नाव ठेवणाऱ्यांनी घोटाळा केला आहे. ते ज्याला सही म्हणतात तो खरा नोटेवरचा नंबर. मी २०२२ च्या दिवाळीत एकाच नंबरच्या दोन नोटा छापल्या होत्या.

जुनं विंडोज एक्सपी असा पेच आला की गुपचूप एकीची संख्या बदलून मोकळं व्हायचं. पुढच्या आवृत्त्यांनी ती सवय सोडली. त्या मागून आलेलीला बंद ठेवतात आणि निर्णय आपल्यावर टाकतात. मॅक वेगळं करतो, एकाच नावाच्या दोन डिस्क आल्या तर आतल्या आत दुसरीच्या नावामागे १ चिकटवतो. लिनक्समध्ये एक्सएफएस पद्धतीची क्लोन केलेली डिस्क मूळ डिस्कच्या जोडीला लावून बघा, ओळख दुबार आहे म्हणून ती लागायलाच नकार देईल. मला लिनक्सचा उद्धटपणाच बरा वाटतो. निर्णय माझ्यावर सोडण्यात अर्थ नव्हता, निदान त्या रात्री तरी.

सोमवार, रात्री ११:५८ (५३ मिनिटं बाकी)

अलिबागला एक मित्र कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. त्याला फोन लावला. त्याने अर्ध्या मिनिटात ओळखलं.

“क्लोन केलेलीस ना? मग ऑफलाइनवर राइट क्लिक कर, ऑनलाइन म्हण. विंडोज तिला नवी सिग्नेचर देईल नि दुसरं अक्षर मिळेल. पण आधी कोण कोणती ते बघून घे हां.”

“हो हो.”

“हो हो नको, बघ.”

कॉल दोन मिनिटं चौदा सेकंदांचा आहे. राइट क्लिक केलं, ऑनलाइन म्हटलं, आणि ‘एफ’ नावाची डिस्क पडद्यावर आली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी संगणकाला वेगळ्या दिसल्या. दुरुस्ती इथे संपली होती. विंडोजने त्याचं काम चोख केलं होतं आणि यापुढे जे झालं त्यात त्याचा काडीचा दोष नाही.

मंगळवार, रात्री १२:३४ (१७ मिनिटं बाकी)

दोन्ही उघडून बघितल्या. बघितल्या म्हणजे काय, तर वरवरचे फोल्डर: २०२२, २०२३, २०२४, कॅटलॉग. दोन्हींकडे तेच. २०२४ च्या आत शिरून ऑक्टोबर आहे का एवढं पाहिलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसत होती. ‘ई’मध्ये ७४२ जीबी मोकळी, ‘एफ’मध्ये ३९१ जीबी. ज्या डिस्कवर पाच महिन्यांचं काम जास्त आहे तिच्यावर जागा कमी उरणार, हे पाचवीतल्या पोराला कळेल. म्हणजे ‘एफ’ पेणची. मी तो फरक वाचला. वाचून मनाशी म्हणालो, आत्ताच नवं अक्षर मिळालंय, अजून नीट मोजलं नसेल. सत्य समोर आकड्यांत लिहिलेलं असताना त्याला पटेल असं कारण शोधून द्यायची माणसाची हातोटी मोठी आहे, आणि झोप आली असली की ती आणखी वाढते.

मंगळवार, रात्री १२:४४ (७ मिनिटं बाकी)

विंडोजसोबत रोबोकॉपी नावाची एक सोय येते. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, बाकी ती बघते. तिला ‘एमआयआर’ हा शेपटा जोडला की ती आरसा होते. डावीकडे जे आहे ते उजवीकडे नेते, आणि उजवीकडे जे जास्तीचं असेल ते काढून टाकते, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. काढलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. विचारत नाही. आणि डावीकडची फाइल जुनी असली तरी तीच उजवीकडच्या नव्या फाइलवर लिहिते, कारण कुठली बाजू खरी हे आपण आधीच सांगितलेलं असतं.

मी एक ओळ लिहिली: ‘ई’पासून ‘एफ’कडे, एमआयआर. जुन्या क्रमाने बरोबर, आत्ताच्या क्रमाने उलटी. हीच ओळ ‘एल’ हा शेपटा जोडून चालवली असती तर रोबोकॉपीने काही न करता फक्त काय करणार त्याची यादी दाखवली असती. मला ते माहीत होतं. त्या ओळीची फाइल ‘बॅकअप’ नावाने डेस्कटॉपवर ठेवली आणि चहा टाकायला उठलो. आधण ठेवलं. परत आलो.

मंगळवार, रात्री १२:५१

दोनदा क्लिक.

काळ्या खिडकीत ओळी धावायला लागल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला ‘एक्स्ट्रा फाइल’, ‘एक्स्ट्रा फाइल’. मला वाटलं, जास्तीच्या फायली जात आहेत, म्हणजे पाच महिन्यांचं नवं काम. बरोबर चाललंय. फोल्डरांची नावंही ओळखीची होती: जूनमधलं वाशीचं लग्न, हमरापूरच्या कारखान्याचे नवे मॉडेल, पालखी. मी नावं वाचत उभा होतो. रोबोकॉपीच्या भाषेत ‘एक्स्ट्रा’ म्हणजे उजवीकडे आहे, डावीकडे नाही, तेव्हा जाणार. माझ्या डोळ्यांसमोर एकेकाचं नाव घेऊन ती पुसत होती.

मंगळवार, रात्री १२:५५

संपलं.

चहाचं आधण आत्ता कुठे उकळत होतं. मी क्षणभर डेस्कटॉपचं कौतुक केलं, काय वेग आहे. मग आकडा आठवला. ३५१ जीबी. अशा डिस्कला सेकंदाला शंभर एमबी मिळाले तरी त्याला तास लागतो. चार मिनिटांत ३५१ जीबी लिहिता येत नाहीत. चार मिनिटांत ते फक्त पुसता येतात.

‘एफ’ बघितली. ७४२ जीबी मोकळी. दोन्ही डिस्क आता तंतोतंत सारख्या होत्या, मला हव्या होत्या तशाच.

चोवीस मिनिटांनी

मित्राने दुसऱ्या रिंगला उचललं. आवाजावरूनच समजला. शिव्या दिल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

“काढ. आत्ता काढ ती. काही लिहू नकोस तिच्यावर, काही उघडूही नकोस.”

हा सल्ला लक्षात ठेवण्याजोगा आहे म्हणून त्यामागचं कारण सांगतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइल पुसली की मजकूर लगेच जात नाही. फायलींच्या मुख्य यादीत तिच्या नोंदीवर ‘मोकळी’ असं लिहिलं जातं आणि तिची जागा दुसऱ्यासाठी खुली होते, इतकंच. तिथे दुसरं काही येऊन बसेपर्यंत जुनं तसंच पडून असतं. अपवाद एसएसडीचा, आणि काही नव्या फिरत्या डिस्कचाही. त्यांना ‘ट्रिम’ची सूचना गेली की त्या जागा खरोखरच रिकाम्या करून टाकतात, मग हाती शून्य. माझी त्या जातीची नव्हती.

मग सांत्वन म्हणून त्याने एक गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या मोठ्या कंपनीतला एक इंजिनिअर असाच थकलेला होता. त्यांचे दोन सर्व्हर, नावात फरक एकाच अंकाचा. दुय्यम सर्व्हरवरचं रिकामं करायचं होतं, त्याने मुख्य सर्व्हरवरचं काढायला सुरुवात केली. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, वेळेला एकही धड नव्हती. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवर भागलं. तरी मधल्या सहा तासांचं गेलंच. कंपनीने काही लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर लोकांना दाखवली. आणि पुढे करायच्या कामांच्या यादीत त्यांनी हेही लिहिलं, की कुठल्या मशिनवर बसलो आहोत हे आज्ञा टाइप करतानाच ठळक वेगळं दिसलं पाहिजे.

“तिथे एवढी मोठी माणसं,” मित्र म्हणाला, “तू झोप आता.”

नऊ तासांनी

शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये गणपती गेले की पुढच्या वर्षाच्या कामाला फार दिवस थांबत नाहीत. त्यांच्या कॅटलॉगचे फोटो त्या पाच महिन्यांत होते, म्हणून सांगायला जावं लागलं. कारखान्याचे काका मॉडेलवर हात फिरवत बसले होते. एका साच्यातून निघालेल्या, अजून रंग न लागलेल्या पंचवीसेक मूर्ती मागे फळीवर, एकीत आणि दुसरीत बोटभर फरक नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “दोन्ही सारख्याच होत्या?”

“अगदी.”

“मग पाट नव्हता का रे?”

मला आधी कळलंच नाही. कोकणात गणपती सांगताना घरचा पाट कारखान्यात आणून देतात, पाटाच्या पाठीवर नाव लिहिलेलं असतं. मूर्ती एकाच साच्यातल्या असोत, चुकून शेजाऱ्याचा गणपती घरी येत नाही. काका म्हणाले, “साच्याचं काम सारखं करायचं. वेगळं करायचं काम आपलं. ते साच्याला सांगून कसं चालेल?” आणि कॅटलॉग पुन्हा काढायला दिवाळीनंतर या म्हणाले. पैसे पुन्हा द्यायची तयारी दाखवली, मी घेतले नाहीत.

पाच दिवसांनी

तिसरी, रिकामी डिस्क आणली. सापडलेलं पुसलेल्या डिस्कवरच ठेवायचं नसतं. क्रिस्तोफ ग्रेनिये या फ्रेंच माणसाने लिहिलेले टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे दोन प्रोग्रॅम फुकट मिळतात. टेस्टडिस्क पुसलेल्या नोंदी वाचून नावासकट फायली परत आणतो. नोंदच गेली असेल तर फोटोरेक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतो आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात कशी असते त्यावरून ती ओळखतो. त्यात नावं मिळत नाहीत, एफ आणि पुढे एक मोठा आकडा अशा हजारो फायली मिळतात. नवरीला वरपक्षाच्या फोल्डरात टाकायचे प्रमाद मी त्या आठवड्यात बरेच केले.

फोटो बहुतेक सगळे आले. वाशीचं लग्न आलं, कारखान्याचे मॉडेल आले. व्हिडिओंनी त्रास दिला. मोठी फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असली की तुकडे जुळत नाहीत. संपादनाच्या प्रोग्रॅमचा कॅटलॉग गेला, म्हणजे कोणता फोटो निवडला, किती उजळ केला, ती पाच महिन्यांची मेहनत. कारण तिथे जुनी फाइल नव्या फाइलवर लिहिली गेली होती. ती जुनी फाइल साडेतीन जीबीची. मित्राचा अंदाज असा, की ती लिहिताना नुकत्याच मोकळ्या झालेल्या जागेवर, पालखीवर, बसली.

पालखीसाठी शेवटी कार्डांकडे वळलो. फोटोरेक मुळात कॅमेऱ्याच्या कार्डांसाठीच लिहिला गेला. फॉरमॅट केलेल्या कार्डावर साखरपुडा भरला होता, पण सगळं कार्ड भरलं नव्हतं. जिथवर साखरपुडा पोचला तिथवर पालखी नाही, त्यापुढे आहे. रात्रीच्या आळ्या मिळाल्या, ओवाळणाऱ्या बाया मिळाल्या, दादाच्या दारात थांबलेली पालखी मिळाली.

आता दोन्ही डिस्क एकेक करून नव्याने आखल्या आहेत, नव्या जीपीटी पद्धतीने. तिच्यात ओळखीची संख्या सोळा बाइटांची असते. क्लोन पुन्हा केलेला नाही. क्लोन करावा तो संगणकातली जुनी डिस्क काढून नवी बसवताना, आणि झाल्यावर जुनी त्या संगणकाला परत जोडू नये. विभागांना ‘पेण’ आणि ‘रोहा’ अशी नावं दिली आहेत, डेस्कटॉपवर त्यांना ‘पी’ आणि ‘आर’ ही अक्षरं नेमून दिली आहेत. पण अक्षर त्या एका संगणकापुरतं असतं, दुसरीकडे गेलं की बदलू शकतं. म्हणून ती ‘बॅकअप’ फाइल आता आधी विभागाचं नाव वाचते, ते जुळलं नाही तर पुढे जात नाही, आणि जुळलं तरी आधी फक्त यादी दाखवते. काकांनी कारखान्यातला ब्रश घेऊन दोन्ही डब्यांच्या पाठीवर नावं रंगवून दिली. पेणची पिवळ्या रंगात, रोह्याची शेंदरी.

तुमच्या घरात सारख्या दिसणाऱ्या दोन डिस्क असतील तर हे वाचून झाल्यावर एकीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. दोन्ही एकदा एकत्र जोडून बघा, मात्र दिवसाउजेडी.

२०२४ च्या पालखीतली पोलिसांची सलामी माझ्याकडे नाही. ती कार्डावर सर्वांत आधी होती. त्या जागी आता मुलाची आत्या मुलीला साडी देते आहे, अकरा मिनिटं.